डावं वळण आणि बाकीच्या तक्रारी

त्र्यंबकेश्वरात मोटारसायकल चालवणाऱ्यांना तोटा नाही. मातीच्या गोल ट्रॅकवर ती आडवी घालून शर्यत करणारे मात्र आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहोत. आमच्या तक्रारी कुणी ऐकून घेत नाही, कारण त्या फार लहान आहेत. हाड मोडलं, इंजिन जाम झालं, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जो या खेळात उतरतो तो हे धरूनच उतरतो. मला छळतात त्या बारीक गोष्टी. त्या सारख्या होतात, झाल्या नसत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि त्यांतल्या बहुतेकींवर उपाय आहे. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आधी खेळ सांगतो, कारण पहिली तक्रार तीच आहे की तो कुणाला माहीत नाही. याला स्पीडवे म्हणतात. लंबगोल ट्रॅक, एका फेरीला २६० ते ४२५ मीटर. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावीकडची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. मिनिटभरात निकाल. खऱ्या स्पीडवे गाडीला ५०० सीसीचं एक सिलिंडर, एकच गियर, इंधन मिथेनॉल, आणि ब्रेक अजिबात नाहीत. वळणात हँडल उजवीकडे, गाडी डावीकडे, डावा पाय जमिनीला टेकवलेला आणि मागचं चाक माती उडवत बाहेर सरकलेलं. वेग आवरायचा तो या सरकण्यानेच. १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेटलंडच्या प्रदर्शन मैदानावर अशा शर्यती झाल्या, १९२८ मध्ये त्या इंग्लंडात पोहोचल्या आणि १९३६ मध्ये लंडनला वेम्ब्लीच्या मैदानावर पहिली वैयक्तिक जागतिक स्पर्धा झाली. आज पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक सहा वेळचा जगज्जेता आहे. शंभर वर्षांचा खेळ आहे हा, आमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे.

आपल्याकडे तो त्या रूपात नाही. आपल्याकडे डर्ट ट्रॅक आहे, सुपरक्रॉस आहे, रॅली आहे. नाशिकने ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ वर्षानुवर्षं भरवली. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये माती टाकून, उंचवटे घडवून सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली. आम्ही जे करतो ते यातलंच, पण उड्यांशिवायचं. सपाट माती, लंबगोल, डावीकडे वळत राहणं. माझी गाडी दोनशे सीसीची, साधी, बाजारात मिळणारी. दिवे, आरसे, इंडिकेटर, पुढचा ब्रेक काढून टाकलेला. मागचा ब्रेक आहे, कारण आमच्या ट्रॅकवर म्हशीही येतात. इंधन पेट्रोलच. मिथेनॉल विषारी, ते बाळगायलाही परवाना लागतो, आणि त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

आता तक्रारी.

‘स्टंट’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागतो. हेल्मेट हातात घेऊन, गुडघ्याला पॅड बांधून, मानेभोवती पट्टा घालून मी टपरीवर चहाला थांबलो की कुणीतरी म्हणतंच, “काय भाऊ, स्टंट का?” स्टंट म्हणजे नाशिकच्या कॉलेजरोडला मागच्या चाकावर गाडी उचलून, बिनहेल्मेटचं, मोबाइल समोर धरून केलेलं काम. त्यात दुसऱ्याचा जीव जातो. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते योग्यच आहे. मी आयुष्यात रस्त्यावर कुणाशी शर्यत लावलेली नाही. ज्याला खरी शर्यत करता येते त्याला रस्त्यावर करायची गरज वाटत नाही, हे मी पुष्कळ पोरांच्या बाबतीत पाहिलं आहे. ट्रॅकवर एक हंगाम काढलेला मुलगा त्र्यंबक रोडला साठच्या वर जात नाही. तो शहाणा झालेला असतो असं नाही. वेगात गाडी सरकली म्हणजे काय होतं हे त्याच्या गुडघ्याला ठाऊक झालेलं असतं. तरीही गावात पोरांनी धुडगूस घातला की पहिली विचारणा आमच्याकडे होते.

दुसरी तक्रार आमच्या गावाची म्हणून आहे, दुसरीकडे कुठे ती असेल असं वाटत नाही. आम्ही उलटे फिरतो, ही. इथे सगळं गाव प्रदक्षिणेवर उभं आहे. देवळाची प्रदक्षिणा आहे, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आहे, त्या रात्री लाखो माणसं डोंगराला उजवा घालून चालतात. आणि हे आमचं मंडळ डावा घालून फिरतंय. शिवाय नारायण नागबलीसाठी आणि श्राद्धासाठी देशभरातून लोक इथेच येतात, त्यामुळे अपसव्य म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमच्या आळीतले एक गुरुजी, वयाने आणि मानाने मोठे, मला दर भेटीत सांगतात, “अरे, निदान उजवीकडून तरी फिरा रे.” त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ते वाईट चिंतून बोलत नाहीत. पण मी तरी काय उत्तर देणार? जगभर ही शर्यत डावीकडूनच होते. क्लच डाव्या हाताला, थ्रॉटल उजव्या हाताला, साखळी आणि इंजिनाची मांडणी, पाय टाकायची सवय, सगळं त्या दिशेने बसलेलं आहे. धावण्याच्या ट्रॅकवरही खेळाडू डावीकडूनच वळतात. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीला दहा हजार मीटर धावली, तेव्हा तिच्या पंचवीस फेऱ्या डाव्या वळणाच्याच होत्या, आणि त्या फेऱ्यांनी आपल्या जिल्ह्याला कांस्यपदक दिलं. हे मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, “ती पायांनी धावली.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. पण दिशेवरून कुणी आमच्या खेळाला अपशकुनी म्हणू नये, एवढं मला वाटतं.

जागेचं दुखणं मोठं आहे. शेवटी सगळं तिथेच येऊन ठेपतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेगलवाडीच्या पुढे एका काकांची वरकस जमीन आहे. पावसाळ्यात ते तिथे नागली आणि वरई घेतात, एका कोपऱ्यात खुरासणी. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत जमीन मोकळी. तेवढे महिने काका आम्हाला तिथे फिरू देतात. पैसे घेत नाहीत. बांध फोडायचा नाही आणि शेवटी जमीन नांगरून द्यायची, एवढीच अट. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत. पण याचा अर्थ असा की दर ज्येष्ठात आमचा ट्रॅक नांगराखाली जातो आणि दर मार्गशीर्षात पहिल्यापासून करावा लागतो. दगड वेचा, चुन्याने आतली कड आखा, ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी गर्डर बांधून माती ओढा, मुरूम पसरा, टँकर आणून पाणी मारा, रोलर फिरवा. आमची फेरी सव्वादोनशे मीटरची, म्हणजे नियमातल्या सगळ्यात लहान ट्रॅकपेक्षाही लहान.

ट्रॅकला पाणी किती मारायचं हे शिकायला एक हंगाम पुरत नाही. कमी पडलं तर धूळ. पहिल्या स्वाराच्या मागचे तिघं आंधळे होतात आणि चौथा तर नुसता आवाजावर चालतो. जास्त पडलं तर वरचा थर साबणासारखा होतो आणि खालचा कोरडाच राहतो. मुठीत माती घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटलाही पाहिजे. तशी माती सकाळी आठला असली तर साडेनऊपर्यंत टिकते. मग ऊन तिला खातं. म्हणजे एवढ्या मेहनतीचं फळ दीड तास.

आणि त्या दीड तासातच लोक यायचे असतात. शनिवार-रविवारी मुंबई-नाशिककडच्या मोठ्या चाकांच्या गाड्या पहिनेकडे निघालेल्या असतात. त्यांना रस्त्यावरून आखलेला लंबगोल दिसतो. फाटक नाही, कुंपण नाही, म्हणून ते थेट आत येतात आणि त्या गाड्या आमच्या ओल्या, दाबलेल्या मातीवर गरागरा फिरवतात. व्हिडिओ काढतात आणि जातात. दोन टनांच्या गाडीने एका जागी चाकं फिरवली की वीतभर खोल चर पडते. मोटारसायकलीचं पुढचं चाक त्या चरीत शिरलं की हँडल हातातून निसटतं. दुपारभर मी घमेल्याने ती भरत बसलेलो असतो. त्या लोकांना मी सांगतो की हा ट्रॅक आहे, आम्ही तयार केला आहे. ते म्हणतात, “पाटी कुठंय?” पाटीही लावली होती. तिच्यामागे बसून कुणीतरी प्यायलं आणि बाटल्या वळणाच्या तोंडाशी फोडल्या. मुरमातून काचेचा चुरा वेचणं हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तो उन्हात चमकतो तेव्हाच दिसतो, आणि ऊन वर आलं की माती गेलेली असते.

म्हशी, शेळ्या आणि लाकूडफाटा घेऊन जाणाऱ्या बायाबापड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ती त्यांची वाट आहे, आमच्या आधीची. आम्ही थांबतो.

गाडी न्यायची-आणायची कशी, हा पुढचा ताप. दिवे आणि नंबरप्लेट नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही आणि चालवूही नये. म्हणजे पिकअप किंवा छोटा हत्ती. आमच्याकडचे पिकअप म्हणजे टोमॅटोचे पिकअप. गिरणारेचा बाजार तेजीत असला की ड्रायव्हर फोनही उचलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, कॅरेटमागे त्याला पैसे मिळतात. माझ्या एका गाडीसाठी तो कशाला येईल? आलाच तर हौद्यात रात्रीचा टोमॅटोचा रस असतो आणि त्यात गाडी घसरते. चार बाजूंनी दोऱ्या आवळून, शॉकअपखाली लाकडी ठोकळा घालून, मी स्वतः मागे बसून ती धरून नेतो.

त्यात गावाचं वेळापत्रक. आमचा हंगाम आणि गावाची गर्दी एकाच वेळी येते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा, राज्यभरातून दिंड्या पायी येतात. मग महाशिवरात्र. यात्रेला माझा काडीचाही विरोध नाही. आमच्या घरी दिंडीतली माणसं उतरतात, त्यांच्या भाकऱ्या आमच्याच चुलीवर होतात. पण रस्ता कधी बंद आणि कुठून वळवलाय हे गावातल्या माणसाला आदल्या दिवशी तरी पक्कं कळावं. पिकअपमध्ये गाडी बांधून निघावं आणि नाक्यावर कळावं की घोटीकडून वळसा घ्या. मग चौकशी होते, ही गाडी कुणाची, नंबर का नाही, चेसिस नंबर दाखवा. बिल, गाडीची कागदपत्रं, स्पर्धेचा अर्ज, सगळं मी प्लॅस्टिकच्या पाकिटात गळ्यात घेऊनच फिरतो. विचारणाऱ्याचं ते कामच आहे. पण दर नाक्यावर ‘ट्रॅकची गाडी’ म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची, आणि तोवर मागे हॉर्न वाजत राहायचे, याने जीव मेटाकुटीला येतो.

घरी आल्यावर धुणं. वॉशिंग सेंटरवाला माझी गाडी पाहिली की हात वर करतो, कारण तिच्यातून निघालेली माती त्याची गटार तुंबवते. घेतलीच तर ट्रॅक्टरचा दर लावतो. म्हणून मी घरामागे नळाखाली धुतो आणि आई पाण्याची आठवण करून देते. तिचंही चुकत नाही. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि चैत्र-वैशाखात तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरीत उतरतात. अशा गावात मोटारसायकल धुवायला बादल्या ओतणं मलाही बरं वाटत नाही. मी आधी माती वाळू देतो, मग लाकडी पट्टीने खरवडतो, मग ब्रशने झाडतो आणि शेवटी दोन बादल्यांत उरकतो. यात सबंध संध्याकाळ जाते. त्यानंतर एअर फिल्टर. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये पिळायचो, हल्ली रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये. मग साबणाच्या पाण्यात, मग सावलीत वाळवून तेल चोळायचं. हे चुकवलं तर मुरमाची पूड सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनवर उभे ओरखडे पडतात.

डाव्या बुटाबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. वळणात डावा पाय जमिनीवर घासत जातो. नुसता बूट घातला तर तळ दोन दिवसांत फाटतो, आणि रबर मातीत अडकून गुडघा पिळवटतो ते वेगळंच. म्हणून बुटाच्या तळाला पोलादी तळवा बांधतात. तो इथे कुठे विकत मिळत नाही. सातपूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मी तो करून घेतो. माझा बूट तो कागदावर ठेवतो, पेन्सिलीने कड काढतो, तीन मिलिमीटरचा पत्रा कापतो, टाचेकडे आणि चवड्याकडे ठोकून वर वळवतो, जिथे घासणार तिथे वेल्डिंगच्या रॉडचा जाड थर चढवतो, आणि ग्राइंडरने कडा मारून देतो. कडा मारायच्या राहिल्या तर पुढच्या स्वाराच्या पायाला लागेल, हे त्याने स्वतः ओळखलं, मी सांगितलं नव्हतं. इतकं चोख काम करणारा तो माणूसही दर वेळी विचारतो, “एकच? दुसरा पाय?” मग मी पुन्हा सगळं सांगतो. आणि दुकानदार मला एकच बूट देत नाही, हेही आहेच. डावा झिजतो, उजवा नवाकोरा राहतो. घरात उजव्या बुटांची रांग लागली आहे. ते टाकवत नाहीत आणि उपयोगाचेही नाहीत.

कागदपत्रांत तर आम्ही कुठेच बसत नाही. देशातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं स्पर्धा लायसन्स दरसाल नवं, आणि त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र. डॉक्टर तपासतात, रक्तदाब चांगला असतो, मग फॉर्मवरचं कारण वाचतात आणि पेन खाली ठेवतात. मग अर्धा तास उपदेश. तो मी ऐकतो, कारण सही त्यांच्याच हातात आहे. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ती अट छापील आहे आणि मला मान्यही आहे. पण स्वतःच्या जिवाचा वेगळा विमा काढायला गेलं की समोरचा माणूस व्यवसायांची यादी उघडतो, छंदांची यादी उघडतो, आणि मग म्हणतो, “यात ‘इतर’ टाकू का?” या ‘इतर’चा हप्ता किती हे त्याला सांगता येत नाही, आणि अपघात झाल्यावर ‘इतर’चे पैसे मिळतील का हेही नाही.

स्पर्धेचा दिवस आम्ही सहा सहा महिने डोळ्यांपुढे धरलेला असतो. पहाटे तीनला निघायचं, सातला स्क्रूटिनी म्हणजे गाड्यांची तपासणी, नऊला पहिली हीट म्हणजे पहिली शर्यत असं छापलेलं असतं. नऊला मंडपाचं काम चालू असतं. पहिली हीट सुटते ती बाराला, म्हणजे सकाळी मारलेलं पाणी उडून गेल्यावर. मैदानावर डीजे असतो. तो इतका मोठा असतो की स्वतःच्या इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. मातीवरच्या शर्यतीत गियर आणि पकड कानाने ओळखायची असते. मागचं चाक घसरतंय की पकडतंय हे आवाज चढतोय की दबतोय यावरून कळतं. ते ढोलाच्या ठेक्यात बुडून जातं. निवेदक आमची नावं चुकीची घेतो, ते चालेल. पण हीट सुरू असताना तो पाहुण्यांचं स्वागत करतो, आणि शेवटच्या वळणात कोण कुणाच्या आतून गेलं हे कुणी सांगतच नाही. स्पीडवेत आणि आमच्यातही सगळा खेळ तिथेच असतो. बाहेरच्या कडेला सैल माती साचते, तिथे वेग मिळतो, पण वाट लांब. आतली कड घट्ट आणि जवळची, पण तिथे तेवढा वेग मिळत नाही. कुणी कुठली निवडली आणि का, हे प्रेक्षकाला समजावलं तर तो जागचा उठणार नाही. त्याऐवजी त्याला गाणी ऐकवतात.

बक्षीस समारंभ अंधार पडल्यावर. पाहुणे यायचे असतात. एकदा पाहुणे आले तेव्हा विजेता निघून गेला होता, त्याची सकाळची पाळी होती. त्याचा करंडक त्याच्या गाववाल्याने घेतला. सातपूरला पाळीवर जाणाऱ्या, दूध घालणाऱ्या, पिकअप चालवणाऱ्या पोरांचा हा खेळ आहे. त्यांना वेळेवर मोकळं करणं हाच त्यांचा सन्मान.

आणखी एक छोटी गोष्ट. स्पीडवेच्या गाड्या बनवणारं एक जुनं नाव म्हणजे जावा. चेक देशातल्या दिविशोव्ह गावात त्या तयार होत आल्या. हे सांगितलं की समोरचा खूश होतो आणि मग आपल्या काकांच्या येझदीची गोष्ट सांगतो. म्हैसूरची आयडियल जावा, एकाच दांड्याने किक आणि गियर, जोड सायलेन्सर, काका भंडारदऱ्याला कसे गेले. मी ती गोष्ट असंख्य काकांची ऐकली आहे. येझदीवर माझंही प्रेम आहे. पण मला जे सांगायचं असतं ते असं की ज्या नावाच्या गाडीवर आपल्या दोन पिढ्या फिरल्या त्याच नावाच्या गाडीने मातीवर जगज्जेते घडवले, आणि आपण त्यातलं काहीच इकडे आणलं नाही. ते राहूनच जातं.

पोलंडमध्ये लेश्नो नावाचं शहर आहे, साठ-पासष्ट हजार वस्तीचं, म्हणजे आपल्या सिन्नरच्या मापाचं. तिथे शहरात स्पीडवेचं स्टेडियम आहे आणि ‘उनिया’ नावाचा १९३८ सालचा क्लब, जो देशाचा विजेता पुन्हा पुन्हा झालेला आहे. तिथली पोरं शाळकरी वयात ट्रॅकवर येतात. मला तेवढं नको आहे. कोल्हापूरजवळ मोहिते मंडळींनी रेसिंगचा ट्रॅक उभा केला आणि त्या भागातून चांगले चालक निघाले. आपल्या राज्यात हे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला, हरिथ नोआ २०२४ मध्ये तिथे आपल्या गटात पहिला आला, गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टला मिळालेला तो पहिलाच अर्जुन. म्हणजे खेळाला मान आहे. नाही ती जागा.

आणि जागा आमच्या तालुक्यात लवकरच तयार होणार आहे. सिंहस्थ कुंभमेळा आला. २०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस ध्वजारोहण, २०२७ मध्ये अमृतस्नानं. त्यासाठी वाहनतळ लागतात, आणि वाहनतळ म्हणजे सपाट केलेली, मुरूम टाकलेली, रोलर फिरवलेली, पाण्याचा निचरा काढलेली मोकळी जमीन. आम्हाला दर मार्गशीर्षात घमेल्याने जे करावं लागतं, ते तिथे यंत्राने आणि कायमचं होतं. २०१५ च्या सिंहस्थातही वाहनतळ झाले होते. पर्वणी संपल्यावर गाड्या गेल्या आणि मुरमावर गवत आलं.

तीनशे मीटरच्या फेरीचा ट्रॅक, बारा मीटर रुंद, बाहेरून टायरची भिंत, गाड्या उभ्या करायला कोपरा, सगळं मिळून तीन-सव्वातीन एकर. शेतकऱ्यांकडून तात्पुरती घेतलेली जमीन आम्ही मागत नाही, ती ज्याची त्याला परत गेली पाहिजे. अंजनेरीच्या बाजूलाही नको. तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, आणि त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथल्या पठारावर फुलते. तिथे इंजिनाचा आवाज जाता कामा नये, आणि गेला तर पहिला विरोध मी करीन. देवळापासून आणि वस्तीपासून दूर, सरकारच्या मालकीचा, मेळ्यानंतर पडून राहणारा एखादा वाहनतळ असेल, त्याचा एक कोपरा. सायलेन्सर लावूनच गाड्या फिरतील. सकाळी सात ते दहा. यात्रेच्या, श्रावणी सोमवारच्या आणि महाशिवरात्रीच्या दिवसांत जागा पुन्हा वाहनतळाची, आम्ही टायर उचलून बाजूला होऊ. रुग्णवाहिकेचा खर्च आमचा. पुढचा सिंहस्थ आला की ट्रॅक पुसून टाका. तोवर बारा वर्षं होतात, आणि आज शाळेत असलेलं पोर तोवर शर्यतीला उभं राहिलेलं असेल.

कुंभमेळ्याचं काम पाहणाऱ्या प्राधिकरणाला, नगरपरिषदेला आणि जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाला माझी विनंती एवढीच आहे की वाहनतळांचे नकाशे पक्के होताना एका नकाशावर हा लंबगोल पेन्सिलीने काढून पाहावा. बसतो की नाही ते लगेच दिसेल. मोजणीला कुठल्या दिवशी यायचं तेवढं कळवा, फीत आणि चुना आम्ही घेऊन येतो.